चटणीवरचे कच्चे तेल

मागच्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी एकच्या सुमारास, मी जेवण संपवले आणि पाटावरून उठू शकलो नाही.

हे मी वाढवून लिहीत नाही. दोन्ही हात जमिनीला टेकवले, जोर लावला, कंबर चार बोटे वर आली आणि परत खाली बसली. पाय जागेवरच. दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या. चिमटा काढला तर कळत होता. फक्त माझे ऐकत नव्हते.

आई म्हणाली, "अरे, एका जागी बसून अवघडले असतील. झटक जरा."

झटकायचे तर आधी हलायला हवेत.

सुनंदा, म्हणजे माझी पत्नी, ओट्याजवळून वळली. तिला वाटले मी थट्टा करतोय. पण मी थट्टा करणारा माणूस नाही, हे तिला सात वर्षांत पुरते माहीत आहे. तिच्या हातातला झारा तिने खाली ठेवला आणि थेट शेजाऱ्यांचे दार वाजवायला गेली.

माझ्याबद्दल थोडे सांगतो. वय पंचेचाळीस. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये एकवीस वर्षे नोकरी. दर तासाला यंत्रांचे आकडे बघायचे आणि नोंदवहीत लिहायचे, हे काम. राहायला नाशिक रोडला, तिसऱ्या मजल्यावर. घरात आई, सुनंदा आणि मी, एवढे तिघेच. नोंदीची सवय घरीही आली आहे. आईचा रक्तदाब, सिलिंडर लावल्याचा दिवस, पाण्याचा फिल्टर बदलल्याचा दिवस, सगळे लिहिलेले असते. तेलाचा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख टाकतो. सुनंदा म्हणते, हे घर नाही, सबस्टेशन आहे.

हे लिहिण्याआधी मी तिला विचारले. तिने एकच अट घातली: "सुयांचा आकडा गाळायचा नाही." तो पुढे येईल.

एक पूर्णांक नऊ

शेजारच्या दोघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट तीन मजले खाली उतरवले. दुसऱ्या मजल्यावर हात बदलायला थांबले तेव्हा एक जण म्हणाला, "साहेब, एवढी चटणी-भाकरी खाऊन वजन मात्र चांगलं राखलंय." मी हसलो. मानसुद्धा जड झाली होती.

हॉस्पिटलात आधी हृदयाचा आलेख काढला, मग रक्त घेतले. अर्ध्या तासाने ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडम जवळजवळ धावत आल्या. तिशीच्या असतील.

"तुमचं पोटॅशियम एक पूर्णांक नऊ आहे."

"असायला किती हवं?"

"साडेतीन ते पाच. आणखी खाली गेलं असतं तर पाय राहू द्या, हृदयच थांबलं असतं."

मला आकडे समजतात. त्यामुळे भीती मला आकड्यातूनच कळते. आमच्याकडे एखादा काटा निम्म्यावर आला तर भोंगा वाजतो. माझ्या शरीरात कसलाही भोंगा वाजला नव्हता. मी भाकरी खात होतो.

मॅडमनी विचारले: जुलाब? उलट्या? दारू? लघवी जास्त होण्याच्या गोळ्या? कुठला काढा, भस्म, जिमची पावडर? सगळ्याला नाही. मी सुपारीही खात नाही. उलट मी थोड्या अभिमानाने सांगितले, "आमच्या घरात बाहेरचं, केमिकलवालं काहीच येत नाही."

हे वाक्य त्यांनी केसपेपरवर लिहिले नाही. लिहायला हवे होते.

वॉर्डातले दिवस

शिरेतून पोटॅशियम देतात तेव्हा हातात निखारा ठेवल्यासारखी आग होते, हे कोणी आधी सांगत नाही. हळू सोडले तर आग कमी होते, पण वेळ दुप्पट लागतो. नर्सताईंनी विचारले, "काका, जोरात की हळू?" मी म्हणालो, जोरात. तासाभराने म्हणालो, हळू.

सकाळी सहाला रक्त, साडेसातला चहा, नऊला मॅडमचा राउंड, बाराला जेवण, चारला पुन्हा रक्त. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडे मांडायला लागलो. रविवारी १.९. सोमवारी २.३. मंगळवारी २.८, त्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. सुनंदाने तो पाहिला आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. बुधवारी सलाईन कमी केले आणि गुरुवारी आकडा आला २.४.

तो आकडा बघून मला सगळ्यात जास्त धक्का बसला. चढणारा काटा उगाच उतरत नाही.

मॅडम म्हणाल्या, "आम्ही वरून भरतोय आणि तुमची किडनी खालून सोडून देतेय. गळती आहे. का आहे, ते कळत नाहीये. थायरॉईड ठीक, साखर ठीक."

शेजारच्या खाटेवर विंचूरकडचे दौलतराव होते. पासष्टीचे, शेतकरी. चार गायी, पायाला जखम आणि साखर वाढलेली. पहिल्या दिवसापासून त्यांना माझ्यात रस होता. "भाऊ, पाय नाय चालत तर नाय, जीभ चालतीय ना, मग बोला की."

दौलतरावांचा वळू

गुरुवारी दुपारी आई आणि सुनंदा डबा घेऊन आल्या. हॉस्पिटलचे जेवण मला अळणी लागते म्हणून आईने भाकरी आणि लसणाची चटणी आणली होती. आमच्याकडे सुक्या चटणीत मध्ये बोटाने खळगा करायचा आणि त्यात कच्च्या तेलाची धार सोडायची, ही पद्धत. चटणीवर, ठेच्यावर, खिचडीवर, सगळीकडे. आईने पिशवीतून औषधाच्या बाटलीएवढी एक बाटली काढली आणि लालसर काळपट तेल चटणीवर सोडले.

दौलतरावांनी मान उचलली. "आजी, तेल कशाचं म्हनायचं हे?"

"सरकीचं," आई म्हणाली. तिला या तेलाचा अभिमान होता, कारण मला होता. "बाजारातलं नाही हो. घाण्यावरून आणलेलं. अगदी शुद्ध."

"न धुतलेलं?"

"काहीच केलेलं नाही त्याला. जसं निघालं तसं."

दौलतराव कोपरावर उठून बसले. "अन् हे तुमी खाता? कच्चं?"

मी म्हणालो, "चार वर्षं झाली."

"अहो साहेब, आमी वळूला नाय देत सरकी! गायीला चालती थोडी. पन वळूला नाय. मागं माझ्या वळूला घातली पाटीभर रोज, अंगाला चांगली म्हनून. गायी उलटायला लागल्या, पुन्हा पुन्हा माजावर. एक गाभन राहीना. जनावराच्या डाक्टरनं आल्या आल्या गव्हानीत हात घातला अन् म्हनला, ही सरकी बंद कर आधी, वळू वांझ करशील."

मी हसलो. खरेच हसलो. म्हणालो, "मग वळूचं पुढं काय झालं?"

"आला जाग्यावर. पाच-सहा महिने गेले पन." मग त्यांनी सहज, माणूस माणसाला विचारतो तसे विचारले, "तुमाला काय पोरंबाळं?"

आईच्या हातात बाटली तशीच तिरकी होती. थोडे तेल चादरीवर सांडले.

सुनंदा स्टीलच्या डब्याचे झाकण लावत होती. तिने झाकण लावले, डबा कपाटावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. ती नजर रागाची नव्हती. बेरीज जमल्यावर माणूस कागदाकडे बघतो तशी होती. मग ती नर्सताईंच्या टेबलापाशी गेली, आणि मला स्पष्ट ऐकू आले:

"सिस्टर, मॅडमना बोलवा. यांना विचारायचं राहिलंय, हे कुठलं तेल खातात."

शुद्धतेचा माझा हट्ट

इथे मागे जाणे भाग आहे.

माझे लग्न उशिरा, सदतिसाव्या वर्षी झाले. सुनंदा तिशीची. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. डॉक्टरांनी सांगितले, असे पुष्कळदा होते, कोणाचा दोष नसतो, पुन्हा राहील. पण मला कारण हवे होते. ज्या नोंदीत कारणाचा रकाना मोकळा, ती माझ्या लेखी अपुरी.

मोबाईलवर वाचून वाचून मी कारण शोधले. रिफाइंड तेल. ते शुद्ध करताना रसायने वापरतात, हे खरेच आहे. मी ठरवले की घरात रसायन नको. मालेगावकडे माझा चुलतभाऊ आबा सरकीची मिल चालवतो. सरकी म्हणजे कापसाचे बी. ढेप गुरांना जाते, तेल टँकरने पुढे जाते. त्याच्याकडे डबा मागितला तेव्हा तो हातातले काम टाकून बघत राहिला होता.

"दादा, हे कोनी खात नाय. हे रिफायनरीत जातं. तिथं धुतात, मग खातात."

"धुतात म्हणजे रसायन घालूनच ना?"

"घालतात ना. त्याशिवाय ते काळं कसं जाईल?"

"मग नको. मला तुझ्या समोरच्या नळातलं दे."

"घ्या बा. शिकल्याली मानसं तुमी."

घरी आणून मी ते तीनदा पंच्याने गाळायचो. कडसर लागायचे. मी म्हणायचो, खऱ्या वस्तूला चव असतेच. म्हणजे, आमचे बाळ रसायनाने गेले असे समजून, पुढच्या बाळासाठी, मी ते तेल घरात आणले. हे वाक्य मी आज चौथ्यांदा लिहितोय, आधी तीनदा खोडले.

गॉसिपॉल

मॅडम तासाभराने परत आल्या, बरोबर त्यांचे वरिष्ठ डॉक्टर. वरिष्ठांनी बाटली उघडून वास घेतला.

"किती वर्षं खाताय?"

"चार वर्षं सात महिने."

"इतकं नेमकं?"

"डब्यांवर तारखा आहेत. रिकामे डबे गॅलरीत आहेत, कोरफड लावलीय त्यात."

त्यांनी सांगितले ते असे. कपाशीचे झाड किडीपासून वाचण्यासाठी स्वतःच एक विष तयार करते. गॉसिपॉल. ते बियांत असते आणि न धुतलेल्या तेलात उतरते. तेल शुद्ध करतात ते मुख्यतः हे काढायला. कढईत तापवल्याने थोडे कमी होते. कच्चे घेतले तर पूर्ण पोटात. काहींच्या शरीरातून त्याने पोटॅशियम निघून जाते, आणि पुरुषांत शुक्रजंतू तयार होणे थांबते. आधी त्यांची हालचाल मंदावते, मग संख्या घटते, मग संपते.

"याच पदार्थाची पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी करायचा प्रयत्न एका देशात झाला होता," ते म्हणाले. "हार्मोनला हात न लावणारी गोळी. माणसांवर चाचण्याही झाल्या. मग सोडून दिलं. कारणं दोन. काहींचं पोटॅशियम पडायचं. आणि गोळी बंद केल्यावर काहींचे शुक्रजंतू परत आलेच नाहीत."

मी म्हणालो, "पण मला तर काहीच जाणवलं नाही. म्हणजे... कशातच फरक नव्हता." सुनंदा शेजारी उभी होती. 

"जाणवणार नाहीच. हार्मोन जागेवर आहेत. दाढी तीच, आवाज तोच, इच्छा तीच, संबंधही तसेच. फक्त आतला कारखाना बंद."

मला माझ्या भाषेत कळले. टर्बाइन फिरतेय, दाब बरोबर, तापमान बरोबर, पॅनेलवरचे सगळे काटे हिरव्यात, आणि बाहेर जाणाऱ्या तारेत वीज शून्य. अशा वेळी आम्ही पहिली कोणती गोष्ट करतो? बाहेरचे मीटर वाचतो. ते मी कधी वाचलेच नव्हते.

आणि मी विचारले, कारण मला विचारल्याशिवाय राहवले नाही, "पण डॉक्टर, हे तर नैसर्गिक आहे."

"शंभर टक्के नैसर्गिक," ते म्हणाले.

वरिष्ठांनी एक गोष्ट स्पष्ट केली, ती नोंदवतो: गुरुवारचा आकडा त्या दिवशीच्या एका चमच्याने पडलेला नव्हता. हे वर्षानुवर्षांचे साचलेले होते. तेल बंद केल्यावरही आकडा स्थिर व्हायला नऊ दिवस गेले. दौलतराव माझ्या आधी घरी गेले. जाताना म्हणाले, "साहेब, माझ्या बोलन्याचा राग नका धरू. मी आपलं वळूचं सांगत होतो."

फाईल

आता लाजेचा भाग.

माझ्याकडे 'सुनंदा: उपचार' नावाची फाईल आहे. प्लास्टिकचे कप्पे, तारखेप्रमाणे. सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, नळ्यांची तपासणी, पोटात दुर्बीण घालून केलेली तपासणी. हे सव्वादोन वर्षांचे. प्रत्येक अहवाल मी टेबलाशी बसून तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. हे इतके, असायला हवे इतके. मला वाटायचे मी साथ देतोय.

त्या फाईलच्या शेवटच्या कप्प्यावर मीच चिठ्ठी लावलेली आहे: 'प्रलंबित'. आत एकच कागद तीनदा आहे. वेगवेगळ्या तारखांना सुनंदाच्या डॉक्टर बाईंनी लिहून दिलेला. पतीच्या वीर्याची तपासणी.

मी ती केली नाही. मी घाबरलो होतो असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते. मी घाबरलो नव्हतो. माझ्या मते गणित सुटलेले होते: एकदा दिवस गेले होते, म्हणजे माझी बाजू बरोबर, मग जी बाजू बदलली असेल ती तिची. डॉक्टरांना मी हेच सांगितले. त्या म्हणाल्या, "तरीही करून घ्या." मी कागद फाईलला लावला. तोवर सुनंदाला सुया चालू झाल्या होत्या.

गर्भ गेला ती तारीख फाईलमध्ये आहे. पहिला डबा फोडला ती तारीख डब्यावर आहे. मध्ये चोवीस दिवस. दोन्हीकडे अक्षर माझेच. कोणी एकदा शेजारी ठेवून पाहिले असते तर.

एप्रिलमध्ये चालता यायला लागल्यावर मी तपासणी दिली. प्रयोगशाळेतल्या मुलीने डबी दिली, खोली दाखवली, नाव विचारले. बारा मिनिटांचे काम. त्या बारा मिनिटांसाठी मी सव्वादोन वर्षे थांबलो होतो. अहवालात एका ओळीपुढे छापले होते: शून्य. दोन आठवड्यांनी पुन्हा केली, कारण एका वाचनावर विसंबायचे नसते. शून्य.

आई

आईला सांगायला मी दोन दिवस घेतले. ती दरवर्षी गडावर जाऊन देवीची ओटी भरून यायची आणि परतल्यावर शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "आमच्या घरात कुणाला कधी उशीर झाला नाही बाई. सुनेच्या माहेरचं मात्र मला ठाऊक नाही." सुनंदा ऐकायची आणि कोथिंबीर निवडायची.

मी सांगितले. दोष माझ्यात आहे, तेलामुळे आहे, तेल मी आणले.

आईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. "पण धार मी सोडत होते ना रे," ती म्हणाली. "तू पुरे म्हणायचास आणि मी वर आणखी सोडायचे."

"आई, आणलं मी."

"आणलंस तू. वाढलं मी. आणि बोललेही मीच."

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. सुनंदा पोळ्या लाटत होती. आई तिच्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "तुला सुया किती टोचल्या गं एकूण?"

"मी नाही मोजल्या, आई," सुनंदा म्हणाली. लाटणे थांबले नाही. "यांना विचारा. यांनी लिहिल्या असतील."

मी दारात होतो. दोघींची पाठ माझ्याकडे.

"सत्तावन्न," मी म्हणालो.

पोळी तव्यावर पडली. आईने सुनंदाच्या दंडावर, जिथे सुया टोचत असतील असे तिला वाटले तिथे, हात ठेवला. खरे तर त्या पोटाला टोचायच्या. सुनंदाने तिला सांगितले नाही.

खोट्या नोंदी

त्यानंतर अकरा दिवस सुनंदा माझ्याशी कामापुरतेच बोलली. पोटॅशियमचे कडू औषध वेळेवर समोर ठेवायची, पेला विसळायची, संपले. भांडली असती तर मी उत्तर शोधले असते. तिने तेवढीही संधी दिली नाही.

बाराव्या दिवशी मी गॅलरीतले डबे खाली न्यायला काढले. सतरा होते. प्रत्येकावर माझी तारीख. ती दारात उभी राहून बघत होती.

"पहिला किती दिवस चालला?" तिने विचारले.

मला पाठ होते. "त्र्याहत्तर."

"आणि शेवटचे?"

"शंभरच्या वर. एकशे आठ, एकशे दहा. तू काटकसरीनं वापरायला लागलीस."

"काटकसर नाही. अहो, मी भाजीला सगळं तुमचं तेल वापरत नव्हते. निम्म्याच्या वर शेंगदाण्याचं घालत होते. पिठाच्या डब्यामागं बाटली असायची. मला त्या तेलाचा उग्र वास सहन व्हायचा नाही आणि तुमच्यापुढं बोलून उपयोग नव्हता. तुम्ही डब्यावर तारीख लिहायचात आणि वर मला शाबासकी द्यायचात."

मी हातातल्या डब्यावरची तारीख पुन्हा वाचली.

"चार वर्षं तुमच्या नोंदी खोट्या आहेत," ती म्हणाली. आणि मार्चनंतर पहिल्यांदाच हसली. दातओठ खाऊन हसतात तसे, पण हसली.

पुढच्या तपासणीला मी हे वरिष्ठ डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, भाजीतलेही सगळे पोटात गेले असते तर पोटॅशियम कदाचित आणखी आधी, आणखी खाली पडले असते. कदाचित कामावर जिना उतरताना. कदाचित म्हणाले, खात्री नाही म्हणाले. मी तेवढेच लिहितो. पण मी जिवंत आहे तो माझ्या नोंदींमुळे नाही, त्या चुकीच्या होत्या त्यामुळे असण्याची शक्यता आहे, हे मला अजून पचलेले नाही.

वाचणाऱ्यांसाठी

दुकानातले शुद्ध केलेले सरकीचे तेल खात असाल तर घाबरू नका. गॉसिपॉल त्यात राहू देत नाहीत. कच्चे, मिलमधून थेट आणलेले मात्र खाऊ नका, कोणी कितीही शुद्ध म्हणो. आबाने आता मिलमध्ये पाटी लावली आहे, 'हे तेल खाण्याचे नाही'. म्हणतो, "दादा, तुमच्यासारखा दुसरा कोनी येनार नाय, पन लावली."

हातापायांतला जोर अचानक गेला तर थकवा समजून झोपू नका, त्याच तासाला जा. आणि मूल होत नसेल तर नवऱ्याने उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात तपासणी द्यावी. बारा मिनिटे लागतात.

नोव्हेंबर

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून तेल बंद केल्यावर जुलैमध्ये पुन्हा तपासले. शून्य. डॉक्टर म्हणाले, थांबू. काहींचे येतात, काहींचे येत नाहीत. तुम्ही कोणत्या गटात आहात ते आज सांगता येणार नाही.

त्या चार महिन्यांत मी दौलतरावांच्या वळूचा विचार जितका केला तितका कोणत्याही देवाचा केला नसेल. पाच-सहा महिने, असे ते म्हणाले होते. वळूचे वजन आणि माझे वजन, त्याची पाटी आणि माझा चमचा, असा हिशेब मांडून पाहिला. जमला नाही.

सुनंदाने मधेच सांगून टाकले: "काहीही आलं तरी मी आता वर्षभर एकही सुई टोचून घेणार नाही. मग बघू, किंवा नाही बघू." ती सदतीसची आहे. तिने वय मोजले नव्हते असे नाही. मी हो म्हणालो. त्या वेळी माझ्याकडे दुसरे काही म्हणायचा हक्क नव्हता, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती.

नोव्हेंबरचा अहवाल मी संध्याकाळी कामावरून येताना घेतला. पाकीट न उघडता घरी आणले. आई देवापाशी वाती वळत होती. सुनंदाने टेबलाजवळची खुर्ची ओढली. सव्वादोन वर्षे ज्या खुर्चीत बसून मी तिचे अहवाल वाचायचो, त्यात ती बसली आणि मला समोरच्या खुर्चीकडे खूण केली.

"तुम्हीच वाचा. मोठ्यानं. माझे वाचायचात तसे."

मी पाकीट फोडले. ती ओळ शोधायला मला वेळ लागला नाही, ती कुठे असते ते मला पाठ होते. पण मी आधी वरचे नाव आणि तारीख पुन्हा तपासली. आईच्या वाती वळायच्या थांबल्या.

"वाचा ना अहो."

"एका मिलिलिटरमध्ये आठ लाख," मी वाचले. "त्यातले साधारण एक तृतीयांश हलणारे." आणि मग सवयीने पुढचेही वाचले, "असायला हवेत दीड कोटींच्या वर."

सुनंदा कागदाकडे बघत होती. मी मनात भागाकार सुरू केला होता. तिला तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा.

"टक्के काढू नका," ती म्हणाली.

मी काढले नाहीत. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे, आणि या वेळी अक्षर तिचे आहे.